एक्सेलमधून मायएसक्यूएलमध्ये घेताना काही तारखा एरर देतात आणि काही गुपचूप बदलल्यात, काय करू?

पतसंस्था_ऑपरेटर:

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत आहे, पदाने क्लार्क पण कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडेच येतं. आमचं जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं, वीसेक वर्षं चाललं. आता नवीन घेतलंय, त्याच्या मागे मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस आहे आणि जुना डेटा आपणच भरून द्यायचा असं ठरलंय. मुदत ठेवीच्या साधारण ११ हजार पावत्या आहेत. जुन्यातून सीएसव्ही काढली, एक्सेलमध्ये उघडली, तारखेचे कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन वर्ष-महिना-दिवस असं केलं कारण मायएसक्यूएलला तसंच लागतं असं वाचलं होतं, परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली आणि लोड डेटा कमांडने टेबलात घ्यायला गेले तर एरर १२९२, इनकरेक्ट डेट व्हॅल्यू, '२५/०३/२०२२'. म्हणजे त्या ओळीला फॉरमॅट लागलाच नव्हता. एक्सेलमध्ये नीट बघितलं तर अशा ओळी निम्म्याहून जास्त आहेत, कितीही वेळा फॉरमॅट बदलला तरी ढिम्म हलत नाहीत.

मग त्या ओळी वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवल्या आणि उरलेल्या लोड केल्या, त्या एकही एरर न देता गेल्या. मला वाटलं एवढं तरी झालं. आज शाखाधिकारी सरांना या महिन्यात मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी काढून दिली तर ते म्हणाले अगं या आजींची ठेव आत्ता कुठे संपतेय. पावतीची स्थळप्रत काढली तर तिच्यावर ५ ऑगस्ट २०२२ आणि टेबलात ८ मे २०२२. अजून वीस पावत्या तपासल्या, त्यातल्या एकोणीस अशाच उलट्या निघाल्या, एक बरोबर होती.

लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे, व्याज तारखेवरून निघतं, मला रात्री झोप लागत नाहीये. कुठे चुकलं आणि आता कसं निस्तरायचं ते कृपया सांगा.

नवा_डेव्हलपर_ठाणे:

ताई घाबरू नका हा एरर सगळ्यांना येतो. सगळ्यात सोपं म्हणजे कॉलमचा टाईप डेटच्या ऐवजी व्हारचार, म्हणजे साधा मजकूर, करून टाका, मग जे आहे ते जसंच्या तसं जाईल. नाहीतर एसक्यूएल मोडमधून स्ट्रिक्ट, म्हणजे चुकीचा डेटा अडवणारं सेटिंग, काढून टाका, एरर येणं बंद होईल.

क्वेरीवाली_पुणे:

वरचे दोन्ही उपाय कृपया करू नका, आणि ठाण्याच्या मित्राला पण मनापासून सांगते, हे करू नकोस बाबा, मी पहिल्या नोकरीत व्हारचार केलेलं निस्तरायला आमच्या टीमला पूर्ण दिवाळी गेली होती. व्हारचारमध्ये तारीख ही तारीख राहत नाही, नुसती अक्षरं होतात. मग ०१/१२/२०२२ ही ०२/०१/२०२० च्या आधी लागते कारण तो डावीकडून अक्षर अक्षर बघतो, 'या महिन्यात संपणाऱ्या ठेवी' ही साधी यादी सुद्धा बिटवीनने बरोबर येणार नाही, आणि उद्या कोणी तिथे ३१/०२ टाईप केलं तरी डेटाबेस हूं की चूं करणार नाही. स्ट्रिक्ट काढलं तर त्याहून वाईट, एरर जाते पण तारीख येत नाही, न कळलेल्या तारखेच्या जागी तो ००००-००-०० भरून ठेवतो आणि फक्त एक वॉर्निंग देतो जी कोणी वाचत नाही. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू येतो तो याचसाठी.

आता ताई तुमचं. तुमच्या लॅपटॉपच्या विंडोजमध्ये रीजन बहुतेक इंग्लिश युनायटेड स्टेट्स आहे, नव्या मशीनवर बऱ्याचदा तसंच असतं. एक्सेल सीएसव्ही उघडताना विंडोजच्या त्या सेटिंगने तारखा वाचतं, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. ०५/०८/२०२२ त्याने ८ मे असं वाचलं, त्याच्या दृष्टीने ती धडधडीत बरोबर तारीख आहे म्हणून सेलमध्ये खरी तारीख करून ठेवली. २५/०३/२०२२ वाचायला गेलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती टेक्स्ट म्हणून तशीच सोडली, आणि टेक्स्टवर डेट फॉरमॅट लावून काही होत नाही, म्हणून ढिम्म. अलाइनमेंट हाताने बदलली नसेल तर सेल बघून पण कळतं, खरी तारीख उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे.

म्हणजे गंमत नाही पण लक्षात घ्या, एरर देणाऱ्या तुमच्या तारखा सुखरूप आहेत. ज्या बिनबोभाट गेल्या त्याच बिघडल्यात. तुमची ती एक बरोबर निघालेली पावती बघा, दिवस आणि महिन्याचा आकडा एकच असेल, ०७/०७ वगैरे, उलटी केली तरी तीच. वर्षात दिवस १२ किंवा त्याच्या आत असलेल्या तारखा १४४, त्यातल्या १२ अशा सारख्या, म्हणजे १३२ दिवसांच्या तारखा उलटतात, एक तृतीयांशाहून जास्त.

आधी टेबल रिकामं करा. त्यातला अर्धा डेटा दुरुस्त करत बसू नका, पुढे कुठली ओळ सुधारली आणि कुठली राहिली हेच कळेनासं होतं. मूळ सीएसव्ही, जी एक्सेलमध्ये उघडायच्या आधीची होती, ती आहे का? असेल तर एक्सेलला मध्ये घ्यायचीच गरज नाही. लोड डेटामध्ये तारखेचा कॉलम थेट टेबलात न घेता आधी अॅट लावलेल्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि खाली सेटमध्ये एसटीआर_टू_डेट वापरा, फॉरमॅट द्या टक्का-डी, तिरकी रेघ, टक्का-एम, तिरकी रेघ, टक्का-कॅपिटल वाय. वाय कॅपिटलच, लहान वाय म्हणजे दोन आकडी वर्ष. एम मात्र लहानच, कॅपिटल एम म्हणजे महिन्याचं नाव, मार्च एप्रिल असं. तारीख रिकामी असलेल्या ओळी असतील तर एसटीआर_टू_डेटच्या आत त्या व्हेरिएबलला नलइफ लावा म्हणजे रिकाम्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', जाईल, नाहीतर स्ट्रिक्टमध्ये तिथे पण अडेल.

पतसंस्था_ऑपरेटर:

ताई खरंच देवासारख्या धावून आलात. ती एक पावती बघितली, ०९/०९/२०२१ आहे! रीजन पण युनायटेड स्टेट्सच निघालं. पण मूळ सीएसव्ही नाहीये हो, मी त्याच फाईलवर सेव्ह करत गेले. आणि जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन संपल्यामुळे आता ते उघडतं पण एक्स्पोर्ट करू देत नाही. आता?

क्वेरीवाली_पुणे:

तरी सुटेल. जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना सगळ्याच तारखा दिवस-महिना-वर्ष अशा होत्या ना, मग बिघाड एकाच पद्धतीचा आहे आणि तो उलटा फिरवता येतो. एक्सेलमध्ये शेजारी नवीन कॉलम घ्या, इझनंबरने विचारा की सेलमध्ये खरी तारीख आहे का, असेल तर डेट फंक्शनमध्ये इयर, मग डे, मग मंथ असं मुद्दाम उलट्या क्रमाने द्या, म्हणजे दिवस महिन्याच्या जागी जाईल. नसेल तर तो टेक्स्ट आहे, त्यातून राइटने शेवटची चार, मिडने मधली दोन, लेफ्टने पहिली दोन अक्षरं काढून डेटमध्ये द्या. आता मात्र नव्या फाईलमध्ये सेव्ह करा आणि सीएसव्ही झाल्यावर परत डबल क्लिक करून उघडू नका, नोटपॅडमध्ये बघा. एखाद्या सेलमध्ये ४४६२१ असा नुसता आकडा दिसला तर दचकू नका, ती १ मार्च २०२२ आहे, एक्सेल आत तारीख दिवस मोजूनच ठेवतं. मायएसक्यूएलमध्ये ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवले की तारीख येते. (१ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरूनही सुरुवात ३० डिसेंबरपासून करावी लागते कारण एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० अस्तित्वात होता असं धरून चालतं. लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती, त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी ती तशीच उचलली आणि आजपर्यंत राहिली.)

आणि झाल्यावर पडताळा घ्या, नुसतं एरर नाही आली म्हणून थांबू नका. पावती क्रमांक चढते असतील तर क्रमांकाने लावून तारीख मागे जाते का बघा. रविवार शोधा, डेऑफवीकने १ येतं. ०७/०३/२०२२ हा सोमवार, पण उलटला की ३ जुलै, तो रविवार. संस्था बंद असताना ठेव कोणी घेतली? १ मे आणि २ ऑक्टोबरला घेतलेल्या ठेवी दिसल्या तर त्या पण ५ जानेवारीच्या आणि १० फेब्रुवारीच्या असायची शक्यता जास्त.

जुना_फॉक्सप्रोवाला:

मॅडमनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे पण ताई, एक्सेलच्या त्या फाईलला आता हात लावू नका, तुमचा खरा डेटा अजून जागेवर आहे. फॉक्सप्रो म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये डीबीएफ एक्स्टेन्शनच्या फाईली असणारच. मी १९९० च्या दशकापासून या फाईलींवर काम केलंय, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती, सगळीकडे हेच. डीबीएफमध्ये तारखेचं फील्ड डी टाईपचं असेल तर फाईलच्या आत तारीख आठ आकड्यांत लिहिलेली असते, चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे, २०२२०८०५ अशी. तिथे ऑगस्ट की मे हा प्रश्नच येत नाही. स्क्रीनवर जे दिवस-महिना दिसतं ते नुसतं सेट डेट ब्रिटिश या ओळीमुळे, आत काही बदललेलं नसतं.

लायसनची काही गरज नाही. त्या फोल्डरची आधी पेनड्राईव्हवर कॉपी घ्या, मूळ फोल्डर बाजूला ठेवा. कॉपीतली डीबीएफ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडते, फुकट आहे. वरच्या ओळीत फील्डचं नाव आणि शेजारी टाईपचं अक्षर दिसेल, डी असेल तर तुमचं काम झालं, सी असेल तर ते अक्षरी फील्ड आहे आणि ज्याने जे टाईप केलं तेच मिळेल. डी असलेल्या कॉलमला कॅल्कमध्येच वर्ष-महिना-दिवस फॉरमॅट द्या, सीएसव्ही काढा, आणि थेट लोड करा, एसटीआर_टू_डेट पण लागणार नाही.

मॅडमच्या पडताळ्यात एक भर घालतो. ठेवीची तारीख अधिक मुदत बरोबर मुदतपूर्ती तारीख, हा हिशेब सगळे लावतात आणि जुळला की निर्धास्त होतात. पण १२ महिन्यांच्या ठेवीला तो फसवतो. ०५/०८/२०२२ ते ०५/०८/२०२३, दोन्ही उलटल्या तर ८ मे ते ८ मे, बरोबर बारा महिने, जुळलंच. १३ महिन्यांची ठेव घ्या, ०५/०८/२०२२ ते ०५/०९/२०२३, उलटल्यावर ८ मे २०२२ ते ९ मे २०२३, तिथे लगेच उघडं पडतं. म्हणून पडताळा १३, १५, १८ महिन्यांच्या पावत्यांवर घ्या.

पतसंस्था_ऑपरेटर:

काका तुमचे पाय धरायला पाहिजेत. फोल्डरमध्ये डीबीएफ होत्या. ठेव तारीख आणि मुदतपूर्ती तारीख दोन्ही डी. रविवारी रात्री लोड केल्या, एकही एरर नाही, पावती क्रमांकाने लावल्या तर तारीख कुठेच मागे जात नाही, तेरा महिन्यांच्या सगळ्या जुळल्या. रविवारच्या तारखेच्या तीन पावत्या निघाल्या म्हणून परत पोटात गोळा आला पण स्थळप्रती काढल्या तर खरंच त्या दिवशी संस्था चालू ठेवली होती, मार्चअखेर होती.

फक्त दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे एका शाखेने नवं सॉफ्टवेअर यायच्या आधी तीन महिने वेगळी एक्सेल ठेवली होती, तिथल्या काही तारखा टेक्स्ट आहेत, दिसायला अगदी बरोबर दिवस-महिना-वर्ष, पण एसटीआर_टू_डेट नल देतो. दुसरं म्हणजे सभासदांच्या जन्मतारखा सी टाईपच्या आहेत आणि दोन आकडी वर्षाच्या, १५/०८/६२ अशा. त्या भरल्या तर आमचे निवृत्त गुरुजी २०६२ साली जन्मलेले दाखवतोय आणि ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर लागत नाहीये.

क्वेरीवाली_पुणे:

पहिलं. त्या शाखेत मराठी कीबोर्डवर टाईप केलंय का? मला वाटतं आकडे मराठी आहेत. आपल्याला वाचायला दोन्ही तारीखच, पण एसटीआर_टू_डेटला फक्त इंग्रजी आकडे कळतात. रिप्लेस एकात एक दहा वेळा घालून शून्य ते नऊ बदलून घ्या, दिसायला लांबलचक दिसतं पण एकदाच करायचंय. त्यानंतरही काही ओळी नल आल्या तर कडेला न दिसणारी स्पेस आहे का बघा, व्हॉट्सअॅपवरून किंवा वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते, ट्रिम ती काढत नाही. त्या ओळींवर हेक्स फंक्शन चालवून बघा, शेवटी सी२ए० दिसलं की तीच.

जन्मतारखेचं असं की दोन आकडी वर्ष दिलं की मायएसक्यूएल ०० ते ६९ ला २००० च्या शतकात टाकतो आणि ७० ते ९९ ला १९०० च्या. एक्सेलची सीमा वेगळी असते, तिथे साधारण २९ पर्यंत २००० आणि ३० पासून १९००. म्हणून एक्सेलमध्ये बरोबर दिसलेले गुरुजी डेटाबेसमध्ये भविष्यात गेले. जन्मतारीख आजच्या पुढची असेल तर डेट_सबने १०० वर्षं वजा करा, तेवढ्याने बहुतेक सुटतील. पण ज्यांचं वर्ष ०० ते आजच्या आकड्यापर्यंत आहे ते हाताने बघा, १५ म्हणजे शंभरी ओलांडलेले आजोबा की अज्ञान खात्यातला नातू हे क्वेरीला कळणार नाही, ते सभासद अर्जावरच कळेल.

जुना_फॉक्सप्रोवाला:

जन्मतारखा उलट्या झाल्यात का हे बघायची आपल्याकडची हमखास खूण सांगतो. १ जून. आपल्या जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली आहे, घरात कोणाला तारीख माहीत नसायची आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. सभासद यादीत १ जूनचा ढीग असलाच पाहिजे. तो ढीग ६ जानेवारीला दिसला तर समजायचं दिवस-महिना उलटलेत. मी प्रत्येक कन्व्हर्जनला पहिली क्वेरी हीच चालवतो, दिवस आणि महिन्यावर ग्रुप बाय, मोजणी उतरती.

नवा_डेव्हलपर_ठाणे:

माझा आधीचा सल्ला चुकीचा होता, माफ करा ताई. हा १ जूनचा विषय पहिल्यांदाच कळला, आमच्या आजोबांची पण १ जूनच आहे आणि मला तो खरा वाढदिवस वाटायचा.

पतसंस्था_ऑपरेटर:

आकडे मराठीच होते! एकूण ६४ ओळी, झाल्या. जन्मतारखांमध्ये १ जून सगळ्यात वर आला, ६ जानेवारी कुठेतरी खाली, म्हणजे उलटलेल्या नाहीत. संशयित ३१ सभासदांचे अर्ज काढले, त्यात दोन आजी खरंच शंभरीच्या जवळ आहेत, बाकी सगळी लहान मुलं.

अजून एकच विचारते आणि मग त्रास देत नाही. टेबलात १ एप्रिलची ठेव १ एप्रिलचीच आहे, मायएसक्यूएलच्या वर्कबेंचमध्ये बरोबर दिसते, पण नव्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर ती ३१ मार्च दिसते. सगळ्याच पावत्या एक दिवस मागे. आमच्याकडे ३१ मार्च आणि १ एप्रिल म्हणजे दोन वेगळी आर्थिक वर्षं, ऑडिटर येऊन बसलेत, ही ठेव गेल्या वर्षीच्या येण्यात दिसली तर ताळेबंदच जुळणार नाही.

नवा_डेव्हलपर_ठाणे:

हे मला येतं! डेटा अजिबात बदलू नका, टेबलातली तारीख बरोबर आहे. तुमचं सॉफ्टवेअर जावास्क्रिप्टमध्ये असणार, ब्राउझरमध्ये चालतं ना? तिथल्या नेहमीच्या डेट ऑब्जेक्टमध्ये नुसती तारीख राहत नाही, प्रत्येक तारखेला वेळ चिकटते. डेटाबेसमधून १ एप्रिल आली की तो तिला १ एप्रिल मध्यरात्री ० वाजता, भारतीय वेळ, असं करतो. मग ती स्क्रीनकडे पाठवताना यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, बदलतो, आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ती होते ३१ मार्च संध्याकाळी १८:३०. स्क्रीनवाल्याने त्यातली पहिली दहा अक्षरं कापून दाखवली की ३१ मार्च. आमच्या ऑफिसमध्ये रजेच्या अर्जांत हेच झालं होतं, सोमवारची रजा रविवारी पडायची.

सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा की नोडचा, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा, मायएसक्यूएल ड्रायव्हर असेल तर कनेक्शनमध्ये डेटस्ट्रिंग्स ऑप्शन ट्रू करा, मग डेट कॉलम तारखेचा ऑब्जेक्ट न होता जशी आहे तशी अक्षरांत येते आणि वेळेचा संबंधच राहत नाही. ते म्हणतील सगळ्या तारखांत एक दिवस मिळवून देतो, तर नाही म्हणा. आणि तोपर्यंत स्क्रीनवरून कोणालाही पावती एडिट करून सेव्ह करू देऊ नका, कारण ती मागची तारीख टेबलात परत लिहिली जाईल आणि मग खरोखर बिघडेल.

क्वेरीवाली_पुणे:

अगदी बरोबर. विशेषतः शेवटची ओळ. ताई, लोड केल्यानंतर एडिट झालेल्या पावत्या आहेत का तेवढं डीबीएफच्या कॉपीशी जोडून बघा, पावती क्रमांकावर जॉईन आणि तारीख वेगळी असलेल्या ओळी.

पतसंस्था_ऑपरेटर:

बघितलं. चार निघाल्या, सगळ्या काल दुपारी एका शाखेत वारसाचं नाव बदलायला उघडलेल्या, चारही एक दिवस मागे. डीबीएफवरून दुरुस्त केल्या, स्थळप्रतीशी ताडून सरांची सही घेतली. एडिटचे हक्क सगळ्या शाखांचे काढलेत. सॉफ्टवेअरवाल्यांनी आज संध्याकाळी तो ऑप्शन टाकला, १ एप्रिल आता १ एप्रिल दिसतेय. ऑडिटरना पहिलं रजिस्टर काढून दिलं.

ज्या आजींच्या ठेवीवरून हे सुरू झालं त्यांची पावती मी स्वतः उघडून बघितली, ५ ऑगस्ट. डीबीएफच्या फोल्डरच्या दोन कॉपी केल्यात, एक कपाटात ठेवलीय आणि एक मुख्य शाखेच्या तिजोरीत.

जुना_फॉक्सप्रोवाला:

फोल्डरमध्ये एफपीटी एक्स्टेन्शनच्या फाईली पण असतील, मेमो फील्ड त्यात असतात, वारसाचा शेरा वगैरे. त्या पण कॉपीत आल्यात ना तेवढं बघा, डीबीएफ एकटी उचलली तर तो मजकूर मागे राहतो.

पतसंस्था_ऑपरेटर:

आहेत काका, अख्खं फोल्डर घेतलंय.